हजेरीपत्रकात नाव नाही, म्हणून पूर्वज लढाईत नव्हताच असे मानायचे का? (केंटकी मिलिशिया, १७८२)

गोदातीर, नाशिक

सर्व सभासदांस नमस्कार. नातू नाशिकला आला असताना रामकुंडावर आमच्या तीर्थोपाध्यांच्या वहीत त्याचे नाव घातले. त्या वहीत माझ्या पणजोबांची सही पाहून सूनबाईंनी विचारले, की त्यांच्या माहेरच्या घराण्याची अशी मांडणी करता येईल का. सूनबाई मूळच्या अमेरिकेतील केंटकी राज्यातल्या. मुलगा आणि त्या सध्या सिनसिनाटीला असतात. मी निवृत्त आहे आणि जुने कागद चाळण्याची आवड आहे, म्हणून हे काम मी अंगावर घेतले.

विहीणबाईंच्या घरात सांगितली जाणारी हकीकत अशी : मूळपुरुष व्हर्जिनियातून १७७९–८०च्या सुमारास बायकोमुलांसह डोंगर ओलांडून केंटकीत आला, हॅरॉड्सबर्गजवळ त्याने वस्ती केली, तो तिथल्या मिलिशियात, म्हणजे बोलावणे आले की जमणाऱ्या स्थानिक फौजेत, होता, १९ ऑगस्ट १७८२ रोजी ब्लू लिक्स येथे झालेल्या लढाईत लढला आणि जिवंत परतला. तो १८१४मध्ये वारला. विहीणबाईंकडे दोनच कागद आहेत. एक, घरच्या बायबलमधले मुलांच्या जन्मतारखांचे सुटे पान. दुसरा, ४०० एकर जमिनीच्या दाखल्याची नक्कल.

अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील क्रांतियुद्धाच्या, म्हणजे ब्रिटिशांविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या, सैनिकांची नामसूची मी पाहिली, पेन्शनच्या फायलींची सूचीही पाहिली आणि ब्लू लिक्सच्या लढाईत असलेल्यांच्या म्हणून ज्या याद्या छापलेल्या आढळतात त्याही पाहिल्या. नाव कोठेही नाही. आडनाव वेगवेगळ्या स्पेलिंगांनी शोधले तरी नाही. तेव्हा ही केवळ घरगुती दंतकथा समजून सोडून द्यावी, की अजून पाहण्यासारखे काही दप्तर शिल्लक आहे? बायबलच्या पानावर कितपत विसंबावे, हेही जाणकारांनी सांगावे.

दप्तरवाचक

गोदातीर साहेब, आपण पाहिलेल्या सूचींत नाव नसणे यावरून फार थोडे सिद्ध होते आणि त्याचे कारण त्या सूची कशा तयार झाल्या यात आहे. नोव्हेंबर १८००मध्ये अमेरिकेच्या युद्ध कार्यालयाला आग लागली आणि क्रांतियुद्धाच्या काळातले सैन्याचे बहुतेक कागद त्यात गेले. आज आपण ज्याला सैनिकांची सेवानोंद म्हणतो ती कार्डे १८९४नंतर, म्हणजे युद्ध संपून शंभरावर वर्षे लोटल्यावर, इकडून तिकडून जमवलेल्या हजेरीपत्रकांवरून आणि पगारपत्रकांवरून कारकुनांनी उतरवलेली आहेत. जे पत्रक वॉशिंग्टनपर्यंत पोचलेच नाही, त्यातल्या माणसाचे कार्डही तयार झाले नाही. काँटिनेंटल, म्हणजे नियमित, सैन्याच्या बाबतीत ही उणीव काहीशी भरून निघाली. सरहद्दीवरच्या मिलिशियाच्या बाबतीत मात्र ती फार मोठी आहे.

मिलिशिया म्हणजे पगारी फौज नव्हे, हे येथे लक्षात घ्यावे लागते. केंटकी तेव्हा व्हर्जिनियाचाच भाग होते, आणि व्हर्जिनियाच्या १७७७च्या कायद्याप्रमाणे १६ ते ५० वयाचा जवळपास प्रत्येक स्वतंत्र पुरुष आपापल्या काउंटीच्या (जिल्ह्याच्या) मिलिशियात आपोआप मोडत असे. कॅप्टनच्या हाताखाली एक कंपनी, काउंटीवर एक प्रमुख, आणि बोलावणे आले की काही दिवस किंवा काही आठवडे बंदूक घेऊन हजर व्हायचे, अशी ती रचना होती. अशा माणसाचे नाव कागदावर चढण्याचे कारण सहसा एकच असे, ते म्हणजे कोणाला तरी कोणाकडून पैसे किंवा जमीन मिळवायची होती. स्मरणासाठी कोणी याद्या करत नव्हते. त्यामुळे ‘तो लढला का’ हा प्रश्न दप्तराला विचारण्यापेक्षा ‘त्याचे सरकारकडे काय येणे होते’ हा विचारला, तर उत्तर मिळण्याची शक्यता वाढते.

आता प्रत्यक्ष ब्लू लिक्सकडे येऊ. १७८२च्या ऑगस्टच्या मध्यावर ब्रायन्स स्टेशन या तटबंदीच्या वस्तीला ब्रिटिशांच्या बाजूने लढणाऱ्या मूलनिवासी योद्ध्यांनी आणि कॅप्टन विल्यम कॉल्डवेल याच्या रेंजर्सनी वेढा दिला. वेढा उठवून ते मागे वळताच सुमारे १८० केंटकीवासी त्यांच्या मागावर निघाले आणि लिकिंग नदीच्या वळणावर थेट सापळ्यात गेले. काही मिनिटांतच सत्तरहून अधिक माणसे पडली. सेनापती कर्नल जॉन टॉड मारला गेला, हॅरॉड्सबर्गकडच्या लोकांचे नेतृत्व करणारा स्टीफन ट्रिग मारला गेला, केंटकीतला नामवंत वसाहतकार डॅनियल बून याचा मुलगा इझ्रेल मारला गेला. एक-दोन दिवसांत गोळा झालेल्या आणि अधिकारीच पडलेल्या अशा तुकडीची नीटनेटकी हजेरी कोणी आणि केव्हा लिहायची? ज्या याद्या आपण पाहिल्या त्या पत्रे, आठवणी आणि इतर कागद यांतून पुढे जमवलेल्या आहेत. १९२८मध्ये तेथे उभारलेल्या स्मारकावर नाव असणे हा पुरावा म्हणून दुबळा, आणि नाव नसणे त्याहूनही दुबळे.

माझ्या मते आपल्या हकीकतीत तपासण्याची खरी जागा वेगळीच आहे. बेंजामिन लोगन हा लिंकन काउंटीचा अधिकारी कित्येकशे माणसे घेऊन मागून येत होता, पण तो पोचण्यापूर्वीच लढाई होऊन गेली. हीच माणसे २४ ऑगस्टच्या सुमारास रणांगणावर गेली आणि त्यांनी मृतांना मूठमाती दिली. त्या वेळी हॅरॉड्सबर्ग लिंकन काउंटीतच होते. मर्सर काउंटी पुढे १७८६मध्ये वेगळी झाली. म्हणजे आपला माणूस ट्रिगबरोबर पुढे गेलेला असू शकतो, तसाच लोगनबरोबर मागून गेलेलाही असू शकतो. ‘आजोबा ब्लू लिक्सला गेले होते’ हे वाक्य दोन्ही बाबतींत खरेच ठरते. दोन पिढ्यांत त्याचे ‘आजोबा ब्लू लिक्सला लढले’ असे होणे अगदी स्वाभाविक आहे.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये व्हर्जिनियाचा पश्चिमेकडचा सेनानी जॉर्ज रॉजर्स क्लार्क याने हजाराहून अधिक माणसे घेऊन ओहायो नदीपलीकडच्या शॉनी या मूलनिवासी जमातीच्या गावांवर स्वारी केली आणि गावे व धान्य जाळले. ही ठरवून काढलेली मोहीम होती, त्यामुळे तिचे हिशेब झाले. पश्चिमेकडची देणी तपासण्यासाठी व्हर्जिनियाने नेमलेले आयुक्त त्याच हिवाळ्यात केंटकीत बसले होते. क्लार्कच्या आधीच्या मोहिमांच्या पावत्यांची तर गोष्टच निराळी आहे. त्याने स्वतःच्या नावावर उसनवार करून सैन्य पोसले, व्हर्जिनियाने त्याच्या हयातीत हिशेब मान्य केला नाही, तो कर्जात बुडून १८१८मध्ये वारला, आणि १९१३मध्ये रिचमंडला लेखापरीक्षकाच्या इमारतीच्या माळ्यावर त्याच पावत्यांचे गठ्ठे सापडले. जवळजवळ २०,००० कागद! मका, मांस, बंदूकदुरुस्ती, घोड्यांचे भाडे असे सगळे त्यांत आहे. लायब्ररी ऑफ व्हर्जिनियातील सार्वजनिक सेवेचे दावे हे याच जातीचे दप्तर आहे. ज्यांनी सैन्याला गुरे, धान्य किंवा घोडे दिले त्यांनी काउंटीच्या कोर्टासमोर मागणी नोंदवली. त्यांत विधवांची आणि घर चालवणाऱ्या बायकांची नावेही भेटतात, जी हजेरीपत्रकात कधीच येणार नाहीत.

आता आपल्याकडच्या दाखल्याविषयी. तो आपण ओझरता सांगितलात, पण मला तोच सर्वांत मोलाचा वाटतो. व्हर्जिनियाच्या १७७९च्या जमीन कायद्याने ४०० एकरांचा वसाहतीचा हक्क ज्यांना दिला त्यांनी १ जानेवारी १७७८च्या आधी तेथे वस्ती केली होती किंवा मक्याचे पीक काढले होते, असे दाखवावे लागे. त्यांना लगतच्या १,००० एकरांचा अग्रहक्कही, म्हणजे इतरांआधी विकत घेण्याचा हक्कही, मिळे. त्या तारखेनंतर आलेल्यांना ४०० एकर विकत घेण्याचा नुसता अग्रहक्क होता. दोन्हींत आकडा ४००च आहे, पण अर्थ अगदी वेगळा. दाखल्यात वसाहतीचा हक्क लिहिला असेल तर १७७९–८०ला आल्याची घरातली हकीकत तरी चुकीची आहे, नाहीतर त्याने तो हक्क आधीच्या कोणाकडून विकत घेतला आहे. कृपया दाखल्यातील मजकूर येथे द्यावा.

रविवारकारंजा

दप्तरवाचकांनी सरकारी कागदांविषयी सांगितले आहे. त्याला जोड म्हणून लायमन ड्रेपर यांचा संग्रह सुचवतो. ड्रेपर (१८१५–१८९१) हे विस्कॉन्सिनच्या राज्य इतिहास संस्थेचे चिटणीस होते. त्यांनी सरहद्दीवरच्या वसाहतकारांच्या मुलानातवंडांना पत्रे लिहून, घरोघरी जाऊन, सुमारे पाचशे खंड भरतील इतका मजकूर जमवला. तो मॅडिसनला आहे आणि त्याची मायक्रोफिल्म अमेरिकेतल्या पुष्कळ ग्रंथालयांत मिळते. विषयवार मालिकांना रोमन अक्षरांच्या खुणा आहेत : ‘सी’ म्हणजे बूनविषयक कागद, ‘जे’ म्हणजे क्लार्क, ‘सीसी’ म्हणजे केंटकी, ‘डीडी’ म्हणजे १७८०ची किंग्ज माउंटनची लढाई. आपल्याला मुख्यतः ‘सीसी’ पाहावी लागेल. जॉन डॅबनी शेन या पाद्रीने १८४०च्या दशकात केंटकी आणि ओहायोतल्या म्हाताऱ्या वसाहतकारांच्या घेतलेल्या मुलाखती ड्रेपर यांच्याकडे आल्या, त्या जरूर चाळाव्यात. लढाईपेक्षा तटाच्या आतले जगणे त्यांत अधिक आहे : मीठ कोठून आणले, कोणाचा घोडा चोरीला गेला, कोणाचे लग्न कोणाशी झाले.

एक सावधगिरी बाळगावी. ड्रेपर यांना वीर हवे होते आणि ते प्रश्नही तशाच रोखाने विचारत. बूनचा मुलगा नेथन याची त्यांनी १८५१मध्ये घेतलेली मुलाखत अमोल आहे, पण ती घटनांनंतर सत्तर वर्षांनी सांगितलेली आहे हे विसरून चालत नाही. इतके जमवूनही बूनचे जे चरित्र लिहायचे त्यांनी मनात धरले होते ते अखेर पुरे झालेच नाही. संग्राहकाला नेहमी वाटते की अजून एक कागद यायचा आहे. आपल्याकडेही अशी माणसे मी पाहिली आहेत.

सातपूरचा वाचक

इतक्या खोलात जाण्याची गरज आहे का? घराण्यात अडीचशे वर्षे एक गोष्ट चालत आली आहे, ती नातवाला सांगावी. हल्ली लाळेच्या चाचणीवरून वंश कळतो आणि क्रांतियुद्धातील पूर्वजांच्या वंशजांच्या संस्थाही आहेत. त्यांच्याकडे कोणी नातेवाईक आधीच सभासद असेल तर प्रश्नच मिटला.

दप्तरवाचक

सातपूरचे वाचक, चाचणीवरून रक्ताचे नाते कळेल, पण १७८२च्या ऑगस्टमध्ये माणूस कोठे होता हे कळणार नाही. वंशज स्त्रियांची प्रसिद्ध संस्था, डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन, १८९०मध्ये स्थापन झाली. तिच्या सुरुवातीच्या काळातील अर्जांत घरची हकीकत पुराव्यासारखी चालून जात असे, आता तसे चालत नाही. त्यामुळे जुन्या सभासदत्वाचा अर्ज हा शोधाचा धागा म्हणून घ्यावा. लढाईचा दाखला म्हणून तो पुरेसा नाही.

मिशिगन नाक्यावरून

मी अमेरिकेत राहते, माहेर आणि सासर दोन्ही नाशिकच्या पंचवटीत. पेन्शनच्या फायलींविषयी थोडे लिहिते, कारण गोदातीर काकांनी त्या फक्त पूर्वजाच्या नावाने शोधल्या असाव्यात असे वाटते.

पूर्वज १८१४मध्ये वारला, म्हणजे त्याचा स्वतःचा अर्ज असण्याचा संभव जवळजवळ नाही. मिलिशियातल्या लोकांना खऱ्या अर्थाने पेन्शनचे दार उघडले ते ७ जून १८३२च्या कायद्याने. एकूण किमान सहा महिन्यांची सेवा दाखवता आली पाहिजे, अशी अट होती. परंतु १८३६च्या कायद्याने विधवांना हक्क मिळाला आणि १८३८च्या कायद्याने १७९४च्या आधी लग्न झालेल्या विधवांचाही त्यात समावेश झाला. पूर्वजाची बायको १८३६नंतर जिवंत असेल तर अर्ज तिचा असू शकतो, आणि तो दुसऱ्या लग्नानंतरच्या आडनावाने, दुसऱ्याच राज्यातून केलेलाही असू शकतो. फायलींवर ‘एस’, ‘डब्ल्यू’ आणि ‘आर’ अशी अक्षरे असतात; पहिले हयात सैनिकाचे, दुसरे विधवेचे, तिसरे नामंजूर अर्जाचे. नामंजूर फायली लोक उघडत नाहीत. मला स्वतःला त्याच सर्वांत बोलक्या वाटतात.

त्याचे कारण असे. कागद जळाले असल्यामुळे म्हाताऱ्याने कोर्टात उभे राहून आपली सेवा तोंडी सांगायची आणि कारकुनाने लिहून घ्यायची, अशी पद्धत पडली. युद्ध खात्याने ठरवून दिलेले प्रश्न होते : जन्म कोठे व कधी झाला, वयाचा काही दाखला आहे का, बोलावणे आले तेव्हा कोठे राहत होता, स्वखुशीने गेलास की नावाची चिठ्ठी निघाली की दुसऱ्याच्या बदली गेलास, अधिकारी कोण होते, मुक्ततेचा कागद मिळाला का, आणि तुझ्या खरेपणाची ग्वाही देणारे शेजारी कोण. यामुळे एका माणसाच्या अर्जात दहा माणसांची नावे येतात. आपल्या पूर्वजाच्या शेजाऱ्यांनी, भावांनी, मेहुण्यांनी केलेले अर्ज वाचा. कोणी त्याचा उल्लेख ‘आमचा सार्जंट’ म्हणून केला असेल, कोणी त्याच्या बदली गेल्याचे सांगितले असेल.

सरहद्दीवरच्या अर्जांत एक अडचण वारंवार येते. तेथील माणसे कुटुंबासह तटात राहत, दिवसा शेतात काम करत, काही जण शेताच्या कडेला बंदूक घेऊन उभे राहत आणि काही जण रानात पाळतीवर जात. त्यांच्या दृष्टीने ही सगळी सेवाच होती. वॉशिंग्टनच्या दृष्टीने ती नियमित तुकडीतली सेवा नव्हती, म्हणून असे पुष्कळ अर्ज फेटाळले गेले. १८३४च्या सुमारास पश्चिम व्हर्जिनियाच्या डोंगराळ काउंट्यांत सिंगलटन नावाच्या सरकारी वकिलाने घरोघर जाऊन अर्जदारांची फेरतपासणी केली. त्याच्या टिपणांत लबाड दलालही दिसतात आणि आपण काय चुकीचे बोललो हे न कळलेले गरीब म्हातारेही. सेवा १७८३पर्यंतचीच धरली जात असल्यामुळे पुढच्या दहा-बारा वर्षांच्या चकमकी ऐंशीच्या घरातला माणूस आधीच्या सालात ढकलतो, असेही होते. तेव्हा अर्जातल्या सालांवर आंधळा विश्वास नको. माणसांची आणि जागांची नावे त्यापेक्षा भरवशाची असतात.

बायबलच्या पानाविषयी : विधवांना लग्न सिद्ध करायचे असे, म्हणून शेकडो घरांनी अशी पाने फाडून वॉशिंग्टनला पाठवली. आपल्याकडचे पान सुटे आहे, म्हणजे त्याच्या जोडीचे लग्नाचे पान कोणाच्या तरी फाइलीत असणे अशक्य नाही. पान तपासताना सगळ्या नोंदी एकाच शाईत आणि एकाच हाताने आहेत का, ते पाहावे. तशा असतील तर त्या एकाच बैठकीत, बहुधा बऱ्याच नंतर, उतरवलेल्या आहेत. मूळ बायबलचे मुखपृष्ठ विहीणबाईंकडे असेल तर छपाईचे साल पाहावे. जन्म १७७५चा आणि पुस्तक १८१०चे असेल तर नोंद आठवणीतून झाली आहे हे उघड आहे.

गोदातीर, नाशिक

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिलेत, आभारी आहे. मुलाकडून दाखल्याचा फोटो मागवला. त्यात वसाहतीचा हक्क असेच लिहिले आहे, अग्रहक्क नव्हे. परंतु आमच्या माणसाचे नाव दुसऱ्या एका व्यक्तीचा ‘असायनी’ (ज्याच्या नावे हक्क करून दिला तो) म्हणून आले आहे. पूर्वजाचा एक धाकटा भाऊ इंडियाना राज्यात जाऊन १८४०पर्यंत जगला, असे विहीणबाई सांगतात. बायबलचे पान एकाच हाताचे वाटते. या घराण्याने १७८०च्या दशकात मिळवलेली जमीन पुढे दाव्यात गमावली, असाही उल्लेख त्यांच्याकडून आला.

पंचवटीची विद्यार्थिनी

मी इतिहासाची विद्यार्थिनी आहे आणि काकांच्या शोधाला मनापासून शुभेच्छा देते. पण नातवासाठी जे लिहिले जाईल त्यात दुसरी बाजूही यावी, म्हणून हे लिहीत आहे. या चर्चेत शॉनी लोकांचा उल्लेख एकदाच, तोही त्यांची गावे जळताना आला आहे. केंटकी ही त्यांची आणि इतर जमातींची शिकारीची भूमी होती. त्याच १७८२ सालच्या ८ मार्चला पेन्सिल्व्हेनियाच्या मिलिशियाने ओहायोतल्या नाडेनहुटेन येथे डेलावेअर या मूलनिवासी जमातीच्या ९६ ख्रिस्ती लोकांना, बायकामुलांसह, नि:शस्त्र असताना ठार मारले. ती माणसे मोरेव्हियन या ख्रिस्ती पंथाच्या मिशनची होती, म्हणून मिशनच्या दप्तरात त्यांची दखल राहिली. मारणाऱ्यांवर कोणताही खटला चालला नाही. त्यानंतर पाच महिन्यांनी झालेल्या ब्लू लिक्सच्या लढाईकडे या घटनेशिवाय पाहणे मला अपुरे वाटते.

ब्लू लिक्सविषयी समोरच्या बाजूचा कागद उपलब्ध आहे. कॉल्डवेलने डेट्रॉइटच्या ब्रिटिश अधिकाऱ्याला पाठवलेला अहवाल क्वेबेकचे गव्हर्नर हाल्डिमंड यांच्या कागदपत्रांत आहे. मूळ संग्रह लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, नकला कॅनडाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात. केंटकीकडून व्हर्जिनियाच्या गव्हर्नरला गेलेली पत्रे आणि हा अहवाल शेजारी ठेवून वाचले की दोन्ही बाजूंनी सांगितलेले संख्याबळ आणि मृतांचे आकडे किती वेगळे आहेत ते कळते.

आणखी एक गोष्ट. मिलिशियाच्या याद्या स्वतंत्र पुरुषांच्याच आहेत, पण तटांत गुलाम माणसेही होती आणि तीही लढली. मार्च १७८२मध्ये कॅप्टन जेम्स एस्टिल मारला गेला त्या लढाईत त्याचा गुलाम मंक एस्टिल याने जखमी सैनिकाला पाठीवर घेऊन कित्येक मैल चालत आणले. बूनसबरो या तटबंदीच्या वस्तीत बंदुकीची दारूही तोच करत असे. पुढे त्याला मुक्त करण्यात आले. त्याचे नाव टिकले. बाकीच्यांची नावे शोधायची तर करपत्रकांत आणि मृत्युपत्रांत, मालमत्तेच्या रकान्यातच शोधावी लागतात. काकांच्या सूनबाईंच्या घराण्याच्या करपत्रकात असा रकाना भरलेला निघाला, तर तोही वंशावळीबरोबर लिहून ठेवावा, अशी विनंती आहे.

मिशिगन नाक्यावरून

ताईंचे म्हणणे रास्त आहे. करपत्रकात तो रकाना असतोच, त्यामुळे ते लपणारही नाही.

दप्तरवाचक

गोदातीर साहेब, दाखल्यातील ‘असायनी’ने पुष्कळ उलगडा झाला. आपल्या माणसाने आधीच्या वसाहतकाराचा हक्क विकत घेतला, म्हणजे १७७९–८०ला आल्याची घरची हकीकत या कागदाशी जुळते. जमीन आयुक्तांचे काम ऑक्टोबर १७७९मध्ये सुरू होऊन पुढच्या वसंतापर्यंत चालले. दाखल्यावरची तारीख पाहिली तर त्या दिवशी तो केंटकीत होता की नाही याचा चांगला अंदाज येईल, मात्र हक्क दुसऱ्याकरवीही मांडता येत असे हे ध्यानात ठेवावे.

जमीन दाव्यात गेली यात नवल नाही. तेथे सरकारने आधी मोजणी करून जमीन वाटली नव्हती. ज्याने त्याने झाड, ओढा, दगड अशा खुणा सांगून आपली हद्द नोंदवली आणि दावे कौलांसारखे एकमेकांवर चढले. खुद्द बूनने अशीच जमीन घालवली. अब्राहम लिंकन यांचे आजोबा, तेही अब्राहमच, व्हर्जिनियाच्या मिलिशियात कॅप्टन होते. १७८६मध्ये केंटकीतील आपल्या शेतावर ते मारले गेले आणि जमीन थोरल्या मुलाकडे गेली. धाकटे थॉमस, म्हणजे राष्ट्राध्यक्षांचे वडील, पुढे मुख्यतः हद्दीच्या आणि मालकीच्या वादांनी हैराण होऊन इंडियानाला निघून गेले. आपल्या पूर्वजाचा भाऊ इंडियानाला गेला, त्यामागेही हेच कारण असू शकेल.

पण दाव्यात हरलेले घराणे संशोधकाच्या दृष्टीने भाग्यवान म्हणावे लागते. अशा खटल्यात कोर्ट जुन्या शेजाऱ्यांच्या साक्षी घेई. अमुक झरा १७८०मध्ये कोणाच्या नावाने ओळखला जात होता, अमुक झाडावर खूण कोणी केली, आणि तू त्या भागात कधी व कोणाबरोबर आलास, असे प्रश्न विचारले जात. साक्षीदार मग सांगतो की ‘आम्ही मोहिमेवर जाताना तेथे मुक्काम केला होता, बरोबर अमुक अमुक होते.’ पेन्शनच्या अर्जापेक्षा या साक्षी कित्येकदा वीस-तीस वर्षे आधीच्या असतात आणि त्यात सेवा फुगवून सांगण्याचे काही कारण नसते. लिंकन काउंटीची जुनी पुस्तके बरीच टिकली आहेत. शेजारच्या फेयेट काउंटीचे नशीब वाईट; तेथला कारकून लेव्ही टॉड, जो स्वतः ब्लू लिक्सहून बचावलेला, त्याचे कार्यालय १८०३मध्ये जळाले आणि अर्धवट जळालेल्या पानांचे खंड तेवढे उरले. आपला मामला लिंकन आणि मर्सरमधला असेल तर आशा आहे.

मी आपल्या जागी असतो तर प्रथम धाकट्या भावाची पेन्शन फाइल शोधली असती. १८३२ला तो इंडियानात हयात होता, तेव्हा त्याने अर्ज केला असण्याचा संभव चांगला आहे आणि त्यात कॅप्टनचे नाव असेलच. कॅप्टन कळला की त्या कंपनीतल्या इतरांचे अर्ज उघडता येतात. कॅप्टन ट्रिगच्या बाजूचा निघतो की लोगनच्या, यावर आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर बरेचसे अवलंबून आहे. जनगणनेवर वेळ घालवू नये. केंटकीच्या १७९० आणि १८००च्या याद्या नष्ट झाल्या आहेत आणि १८५०पूर्वी तशाही कुटुंबप्रमुखाखेरीज इतरांची नावे लिहीत नसत. त्यांच्याऐवजी १७८०च्या दशकाच्या अखेरीपासूनची करपत्रके वर्षावार पाहावीत. कोणत्या वर्षी कोणता मुलगा सज्ञान झाला हे त्यांतून कळते आणि बायबलच्या पानावरच्या तारखा पडताळता येतात.

पेन्शनच्या फायली राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर आणि काउंटीची बरीच पुस्तके फॅमिलीसर्च या वंशावळींच्या संकेतस्थळावर घरबसल्या, विनाशुल्क पाहता येतात. फॅमिलीसर्चवरची काही पाने मात्र फक्त त्यांच्या केंद्रातील संगणकावरच उघडतात. त्यांची यादी वेगळी काढून सिनसिनाटीला चिरंजीवांकडे पाठवावी. त्या शहरात ती पाहण्याची सोय होईल, आणि हॅरॉड्सबर्गही तेथून मोटारीने जाऊन येण्याजोगे आहे.